'अपनीही बदनामी' आणि नववीचा इंग्रजीचा तास

गेल्या वर्षी बी.एड.च्या इंटर्नशिपमध्ये मी नववीच्या मुलांना डॉ. आंबेडकरांच्या एका इंग्रजी पुस्तिकेतले दोन भाग शिकवायला घेतले. पहिला पूर्ण झाला. दुसरा सुरू केला आणि तिसऱ्या दिवशी तो बंद करायला सांगण्यात आलं. सांगणारे कोणी बाहेरचे नव्हते. ना शिक्षण खातं, ना कुठली सेना. आपलेच लोक होते. शाळेचं नाव लिहिणार नाही. तिथल्या शिक्षकांनी मला घरच्या मुलीसारखं सांभाळलं, डबा विसरला तर आपल्यातला घास दिला. पण वाद सांगणार आहे, कारण तो त्या शाळेपुरता नाही. तुमच्यापैकी जे टेट देऊन, पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेत आणि उद्या कुठल्यातरी उर्दू किंवा मराठी शाळेत इंग्रजी शिकवणार आहेत, त्यांच्यापुढे हा वाद येणारच आहे.

मी धामणगाव बढेची. बुलढाणा जिल्हा, मोताळा तालुका. घरात दखनी वळणाची उर्दू, बाजारात खानदेशाकडे झुकणारी वऱ्हाडी, पुस्तकात तिसरीच उर्दू आणि चौथीच मराठी, आणि या सगळ्यांच्या वर इंग्रजी. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. म्हणजे माझी पिढी दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकली. दहा वर्षांनी आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना 'मला ताप आहे, सुट्टी हवी' एवढं स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नव्हतं. गाईडातला सुट्टीचा अर्ज मात्र तोंडपाठ होता. त्यात मोठ्या बहिणीचं लग्न असायचं. जिला बहीणच नव्हती तीही तेच लग्न लिहायची.

शिकवायची रीत तुम्हाला माहीत आहे. सर एक ओळ वाचणार, तिचं उर्दू किंवा मराठी करून सांगणार, पुढच्या ओळीवर जाणार. धडा संपला की फळ्यावर प्रश्नोत्तरं. मुलं उतरवून घेणार. दहा वर्षं मी इंग्रजी ऐकलं ते फक्त अर्थ सांगण्याआधीची एक पायरी म्हणून. इंग्रजीत कोणी मला कधी असं काही सांगितलंच नाही, जे ऐकायला मी जीव टाकला असता.

बी.एड.ला आल्यावर पाठ टाचण लिहायला शिकले. उद्दिष्टे, पूर्वज्ञान, शैक्षणिक साधने, मूल्यमापन. एक रकाना गाभाघटकांचा. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले दहा गाभाघटक आम्ही पाठ केलेत, त्यातलाच एक 'सामाजिक अडथळ्यांचे निर्मूलन'. तो मी किती पाठांच्या टाचणात लिहिला असेल! क्रियापदाचा भूतकाळ शिकवताना सामाजिक अडथळ्यांचे निर्मूलन. विरामचिन्हे शिकवताना सामाजिक अडथळ्यांचे निर्मूलन. तपासणाऱ्या मॅडम बरोबरची खूण करून पुढे जायच्या. ज्या दिवशी तो रकाना खरोखर भरला, त्या दिवशी टाचण परत आलं.

मला जे सुचलं ते एवढंच. आपल्या शाळांतल्या नववीच्या मुलाचं इंग्रजी तिसरी-चौथीचं असतं, पण मूल चौदा वर्षांचं असतं. ते घरातलं कर्ज ओळखतं, बहिणीचं शिक्षण का थांबलं ते जाणतं, बसमध्ये दाढीवाल्या मामूकडे लोक कसे बघतात ते त्याने पाहिलेलं असतं. आपण त्याच्या इंग्रजीकडे बघतो आणि त्याला तिसरीतल्या पोराचा मजकूर देतो. ससा, कासव, प्रामाणिक लाकूडतोड्या. मग म्हणतो, यांना इंग्रजीत रस नाही. तुम्हाला कोणी चौदाव्या वर्षी लाकूडतोड्या दिला असता तर तुम्ही तरी डोकं वर काढलं असतं का? या मुलांना हवा तो मजकूर ज्याची वाक्यं सोपी आहेत आणि विषय त्यांच्या वयाचा आहे. असा मजकूर शोधणं हेच इंग्रजीच्या शिक्षकाचं निम्मं काम आहे, आणि ते काम आम्हाला बी.एड.मध्ये कोणी शिकवलं नाही. पुस्तक बालभारती देते, गाईड बाजार देतो, शिक्षकाने फक्त मधे उभं राहायचं.

बालभारतीला शिव्या देणं सोपं आहे, मी देणार नाही. बारावीचं 'युवकभारती' उघडून बघा. त्यात दिलीप चित्रेंची लोकलने घरी परतणाऱ्या वडिलांवरची कविता आहे, ई. आर. ब्रेथवेटच्या 'टू सर, विथ लव्ह'मधला भाग आहे. लंडनच्या गरीब वस्तीतल्या गोऱ्या मुलांना शिकवणारा काळा मास्तर! चांगली निवड आहे. पण ती बारावीत. आमच्याकडे बारावीपर्यंत वर्गातल्या कितीतरी मुली घरी बसलेल्या असतात आणि मुलं गॅरेजात किंवा मुंबई-पुण्याच्या गाडीत. जे काही द्यायचं ते आठवी-नववीत दिलं पाहिजे.

आणि आपण कुठे दिसतो? जो मुसलमान मुलगा शालेय पुस्तकातून आपल्यापर्यंत येतो तो बहुतेक वेळा प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधला हमीद असतो. १९३३ ची कथा, सुंदर कथा, मी तिच्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. पण नव्वद वर्षं झाली, हमीद अजून तोच चिमटा घेऊन उभा आहे. गरीब, समजूतदार, काही न मागणारा. दुसरे कलाम साहेब. एनसीईआरटीच्या नववीच्या 'बीहाइव्ह'मध्ये अनेक वर्षं त्यांच्या बालपणावरचा धडा होता. त्यात नवे शिक्षक येतात, टोपी घातलेल्या कलामांना पुजाऱ्याच्या मुलाशेजारून उठवून मागे बसवतात. धडा चांगला आहे, आणि धाडसाचाही. पण पुढच्याच परिच्छेदात शिक्षक सुधारतात. विज्ञानाच्या सरांच्या घरी स्वयंपाकघरात वाढायला नकार देणाऱ्या बाईही पुढच्या वेळी वाढतात. खरं घडलं असेल, कलाम साहेब खोटं कशाला लिहितील? पण मुलांना आपण फक्त असेच मजकूर दिले तर ती काय शिकतात? अन्याय एका पानाचा असतो आणि पान उलटलं की मिटतो. आमच्या गावच्या मुलाला ठाऊक आहे की तसं नसतं. मग तो ठरवतो की पुस्तक वेगळं आणि जगणं वेगळं. असं एकदा ठरलं की इंग्रजीच काय, कुठलाच विषय त्याला आत घेता येत नाही.

म्हणून मी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'कडे गेले. बाबासाहेबांनी हे १९३५-३६ च्या सुमारास लिहिलं, पुस्तिका म्हणून छापलं गेलं १९९० मध्ये, पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडून. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासाला आहे. परदेशी वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय ते कळावं म्हणून लिहिलेलं, त्यामुळे वाक्यं सरळ, प्रसंग स्वतःचे आणि ओळखीचे. अलंकार नाहीत. वकिलाची भाषा नाही. महाराष्ट्रातल्या नववीच्या मुलासाठी यापेक्षा योग्य इंग्रजी गद्य मला अजून सापडलेलं नाही, आणि ते इथल्याच मातीतलं आहे.

पहिला भाग मसूरचा. १९०१ साल. नऊ वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरतात. वडील गोरेगावला नोकरीला, त्यांना भेटायला निघालेत. घ्यायला कोणी येत नाही. चांगले कपडे बघून स्टेशनमास्तर आधी प्रेमाने विचारपूस करतो, जात कळल्यावर मागे सरतो. बैलगाडीवाले बसवून घेत नाहीत. शेवटी दुप्पट भाडं द्यायचं, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, असं ठरतं. बरोबर डबा आहे पण पाणी नाही. रात्री टोलनाक्यापाशी गाडीवान सल्ला देतो की मुसलमान आहोत म्हणून सांगा, पाणी मिळेल. आणि हा नऊ वर्षांचा मुलगा टोलवाल्याशी उर्दूत बोलतो. त्याला उर्दू चांगली येत होती, तसं तो लिहितो. तरीही पाणी मिळत नाही. मुलं भरल्या डब्यापाशी उपाशी झोपतात.

उर्दू शाळेच्या वर्गात हे वाचताना काय झालं ते सांगते. मी अर्थ सांगत नव्हते. आधी फळ्यावर बैलगाडी काढली, स्टेशन काढलं, चार मुलं काढली. मग हळूहळू वाचलं, एकच परिच्छेद दोनदा, तीनदा. अडलेला शब्द मुलांनी ओरडून विचारायचा आणि ज्याला येतो त्याने सांगायचं. टोलनाक्यावर भीमराव उर्दूत बोलतो, हे वाक्य आलं तेव्हा वर्गात एकदम आवाज झाला. "टीचर, उनको उर्दू आती थी?" मी म्हणाले, वाच, पुढचं वाक्य वाच. तो मुलगा, ज्याने वर्षभरात इंग्रजीत स्वतःहून तोंड उघडलं नव्हतं, उभा राहिला आणि अडखळत पूर्ण परिच्छेद वाचून गेला. पाणी मिळतं की नाही हे त्याला कळून घ्यायचं होतं. अर्थासाठी तो माझ्यावर अवलंबून नव्हता, कारण मला विचारायला त्याला वेळच नव्हता.

नंतर मी लिहायला सांगितलं: कोणी तुम्हाला पाणी नाकारलं आहे का, किंवा तुम्ही कोणाला? पाच वाक्यं. चुका चालतील. त्या पाच वाक्यांत जे आलं ते सगळं इथे मांडणार नाही, ते मुलांचं आहे. एवढं सांगते की एका मुलाने शहरात मामाला नाव विचारून खोली नाकारल्याचं लिहिलं. आणि शाह बिरादरीच्या एका मुलीने लिहिलं की शादीत आम्हाला बोलावतात, पण दस्तरखानावर उशिरा. क्रियापदं सगळी वर्तमानकाळात होती. मी ती दुरुस्त केली नाहीत, म्हटलं व्याकरणाचा तास उद्या घेऊ.

इथपर्यंत सगळे खूश होते. मुख्याध्यापक सर म्हणाले, छान, बाबासाहेबांचं वाचताय, अच्छी बात है.

मग मी दौलताबाद घेतलं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी. १९३४ साली बाबासाहेब आणि तीसेक कार्यकर्ते वेरूळच्या वाटेवर दौलताबादला थांबले. निजामाचं राज्य, महिना रमजानचा. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला हौद होता. प्रवासात अंग धुळीने भरलेलं, काहींनी तोंड-पाय धुतले. दरवाजाशी परवानगीचं विचारतात तोवर पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध मुसलमान ओरडत आले की यांनी हौद बाटवला. जो जातिवाचक शब्द त्यांनी वापरला तो मूळ इंग्रजीत तसाच आहे. गर्दी जमली, शिवीगाळ झाली, हे लोक माजलेत, यांना धडा शिकवला पाहिजे, अशी भाषा झाली. आम्ही बाहेरगावचे, इथली रीत माहीत नाही, असं सांगितल्यावर गर्दी तिथल्या स्थानिक अस्पृश्यांवर उलटली की तुम्ही यांना सांगितलं का नाही. बाबासाहेबांनी शेवटी चिडून विचारलं की तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि हाच माणूस मुसलमान झाला तर त्याला या हौदाचं पाणी घेऊ देणार नाही का? गर्दी गप्प झाली. पुढे किल्ल्यात जायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. आणि ती अट पाळली जाते की नाही हे बघायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला.

आपल्या शाळांच्या सहली दरवर्षी तिथे जातात. वेरूळ, दौलताबाद, खुलताबाद, आणि परतताना मकबरा. मी स्वतः सातवीत गेले होते. त्या दरवाजाशी उभी राहून फोटो काढला होता. हौदाबद्दल कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संस्थेतले एक ज्येष्ठ शाळेत आले. मी त्यांना चाचा म्हणते, त्यांचा मुलगा माझ्या भावाचा दोस्त. चिडलेले नव्हते, दुखावलेले होते. "बेटी, तुमको और कुछ नहीं मिला? टीव्हीवाले कम पड़ गये क्या, जो तुम बच्चों को अपनीही बदनामी पढ़ा रही हो?" मग मराठीत म्हणाले, "पहिला धडा ठीक होता. दुसरा कशाला? आधीच पोरांचं मन खचलेलं आहे." तिसऱ्या दिवशी मार्गदर्शक प्राध्यापकांनी टाचण परत दिलं. पाठ्यक्रमाबाहेरचा घटक, असा शेरा. पहिला भागही पाठ्यक्रमाबाहेरचाच होता, त्यावर शेरा नव्हता.

चाचांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ते ज्या भीतीतून बोलले ती खरी आहे. आज मुसलमानाबद्दलचं कुठलंही वाईट वाक्य दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी मोबाइलवर संदर्भ सोडून फिरतं. दौलताबादचा हाच परिच्छेद 'बघा, हे तर असेच' म्हणून फिरवणारे आहेत, आणि ते मसूरचं स्टेशन गाळतात. हे मला माहीत आहे. पण मग आपण काय करतोय? आपण मसूर ठेवून दौलताबाद गाळतोय. कात्री तीच, फक्त पानं वेगळी. बाबासाहेबांनी त्याच पुस्तिकेत बडोद्यातल्या पारशी सराईतून हाकलल्याची हकीकतही लिहिली आहे. त्यांना एका समाजाची नाचक्की करायची नव्हती. हा रोग धर्म बदलला तरी हौदाच्या काठावर तसाच उभा असतो, हे दाखवायचं होतं.

आणि मन खचतं, हे कोणी ठरवलं? शाह बिरादरीच्या त्या मुलीचं मन दौलताबाद वाचून खचलं नाही. तिने पहिल्यांदा हात वर केला आणि विचारलं, "टीचर, वो बुढ़े चाचा रोजे से थे ना?" वर्ग गप्प. तो प्रश्न इंग्रजीत लिहायला आम्हाला दहा मिनिटं लागली आणि त्या दहा मिनिटांत मुलं प्रश्नार्थक वाक्याची रचना शिकली, जी पाठ्यपुस्तकातले तीन स्वाध्याय करून आली नव्हती. मन कोणाचं खचतं ते मला दिसलं. ज्यांच्या घरी दस्तरखानाचा क्रम ठरतो त्यांचं.

आपल्यात हे काही नाही, असं म्हणणाऱ्यांना मी जालन्याचे शब्बीर अन्सारी आठवून देते. मुस्लीम ओबीसींची चळवळ महाराष्ट्रात त्यांनी उभी केली, दिलीपकुमार साहेब तिच्यासाठी गावोगाव सभांना गेले. बागवान, खाटीक, मोमीन, पिंजारी यांना दाखले मिळाले ते त्या भांडणातून. आज माझ्या वर्गातली मुलं ज्या दाखल्यावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात, तो दाखला 'आपल्यात ऊच-नीच आहे' या कबुलीवर उभा आहे. अर्ज भरताना कबूल आणि इंग्रजीच्या तासाला नाकबूल, असं कसं चालेल?

दुसरा आक्षेप परीक्षेचा. हे बोर्डात येत नाही. दहावीची कृतिपत्रिका नीट बघा. त्यात एक उतारा पाठ्यपुस्तकाबाहेरचाच असतो. पत्र, भाषण, बातमी, मतप्रदर्शन हे सगळं स्वतः लिहायचं असतं. भाषांतराला वेगळा प्रश्न असतो. गाईड पाठ करून यातलं फार थोडं निभतं. आपली मुलं इंग्रजीत अडकतात ती नेमकी तिथे, जिथे स्वतःचं वाक्य लागतं. स्वतःचं वाक्य येण्यासाठी आधी काही म्हणायचं असावं लागतं.

तिसरा आक्षेप नाही, तो उपाय म्हणून सांगितला जातो, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. 'आपली' इंग्रजी पुस्तकं काढा. काही खाजगी शाळांत ती आलीही आहेत. प्रत्येक धड्यात खरं बोलणारा मुलगा, आईचं ऐकणारी मुलगी, शेवटी नसीहत. दीन शिकवायला मकतब आहे, घर आहे, आणि तिथे तो चांगला शिकवला जातो. इंग्रजीच्या तासाला नसीहतीचा मुलामा दिला की मूल दोन्हींना कंटाळतं. आणि त्या पुस्तकांतही मुलगा हमीदच असतो, फक्त चिमटा काढून घेतलेला. इंग्रजांनीही हेच केलं होतं. गौरी विश्वनाथन यांनी 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' या १९८९ च्या पुस्तकात दाखवलं आहे की इंग्रजी साहित्य हा विषय इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात शिकवायला घेतला गेला, आणि हेतू होता नेटिवांना वळण लावण्याचा. वळण लावायला भाषा वापरायची ती युक्ती त्यांची. आपण ती टोपी घालून परत का आणतो आहोत?

'आपलं' इंग्रजी हवंच असेल तर ते आहे, आणि एकशे वीस वर्षांपूर्वीचं आहे. रुकैया सखावत हुसैन यांची 'सुलतानाज् ड्रीम'. १९०५ साली मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये छापून आली. बंगालातल्या एका मुसलमान बाईने, जिच्या घरी मुलींना इंग्रजी शिकवण्याची रीत नव्हती, जिला भावाने रात्री घर झोपल्यावर चोरून शिकवलं, तिने थेट इंग्रजीत लिहिलेली गोष्ट. सुलताना खुर्चीत डुलकी घेते आणि अशा मुलखात जागी होते जिथे पुरुष मर्दान्यात बंद आहेत आणि बाया रस्त्यावर बेधडक फिरतात, विद्यापीठं चालवतात, सूर्याची उष्णता साठवतात आणि तिच्याच जोरावर शत्रूचं सैन्य पळवून लावतात. रुकैया बेगमनी नुसतं लिहिलं नाही, नवऱ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली, आधी भागलपूरला आणि १९११ मध्ये कलकत्त्याला. ती शाळा आजही आहे.

भाषा मसूरपेक्षा अवघड आहे, खरं आहे. मी पूर्ण दिली नाही, संवादाचे तुकडे काढले आणि मुलींना दोघी-दोघींत वाचायला दिले. एकीने सुलताना, एकीने सिस्टर सारा. मुलगे तक्रार करू लागले की आमचं कामच नाही. मी म्हटलं, बरोबर, गोष्टीतही नाही, तुम्ही मर्दान्यात बसा. वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून सर बघायला आले. त्यातला एक मुलगा दुसऱ्या दिवशी इंग्रजीत तीन ओळींचा निषेध लिहून घेऊन आला. त्यात चार चुका होत्या आणि एक उत्तम वाक्य.

चाचांना या गोष्टीबद्दल कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

जवळचं काही हवं असेल तर तेही आहे. लोणार आपल्याच जिल्ह्यात आहे. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा जगभरच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी छापलं, आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने नंतर सांगितलं की तो रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा. दोन बातम्या घ्या, एक गूढ-गूढ म्हणणारी आणि एक कारण सांगणारी, आणि मुलांना विचारा की दोघींच्या क्रियापदांत काय फरक आहे. आमच्याच मोताळा तालुक्यात रोहिणखेडची सोळाव्या शतकातली मशीद आहे. मुलं सायकलवरून जातात, भिंतीवर नावं कोरून येतात. त्या मशिदीवर इंग्रजीत दहा ओळींचं माहितीपत्रक लिहायला सांगा, बाहेरून येणाऱ्या पाहुण्यासाठी. तेव्हा मुलांना पहिल्यांदा असं काहीतरी इंग्रजीत सांगावं लागतं, जे त्यांना माहीत आहे आणि वाचणाऱ्याला नाही. पाठ्यपुस्तकात याच्या उलट असतं.

खर्चाचं म्हणाल तर मसूरचा भाग झेरॉक्सची काही पानं. वर्गात सगळ्यांना एकेक प्रत परवडत नसेल तर दोघांत एक. पुस्तिकेचा मजकूर इंटरनेटवर मोफत आहे, रुकैया बेगमचाही. शब्दार्थांची यादी आधी देऊ नका. मी पहिल्यांदा दिली आणि मुलं मजकूर सोडून यादीच पाठ करायला बसली. तुम्ही स्वतः आधी पेन्सिल घेऊन बसा, वर्गाला अडेल अशा शब्दाखाली रेघ मारा, आणि त्यातले जे शब्द प्रसंगातून कळतील ते सोडून द्या. मी जितकं समजते त्यापेक्षा जास्त शब्द मुलं अंदाजाने काढतात. जातिवाचक शब्द आला की थांबा. तो मोठ्याने वाचून घेऊ नका, पण गाळूही नका. हा शब्द कोणाला लागतो, हे मुलांना विचारा. त्या वर्गात सगळी मुलं मुसलमान होती. तुमच्या वर्गात बौद्ध मुलं असतील तर आधी त्यांच्याशी बोला, मग शिकवा. हे मला नंतर एका मैत्रिणीने समजावलं, ती मलकापूरजवळच्या मराठी शाळेत शिकवते, आणि ती बरोबर होती.

इंटर्नशिप संपली. टाचणाचे गुण कापले गेले, पास झाले. येत्या जूनमध्ये मी एका खाजगी शाळेत तासिका तत्त्वावर लागणार आहे, आठवी आणि नववीचं इंग्रजी. पहिल्या महिन्यात मसूर, मग सुलताना, दिवाळीआधी दौलताबाद, आणि डिसेंबरात सहल असेल तर त्या दरवाजाशी वही घेऊन. मुख्याध्यापकांना हे लेखी दिलं आहे. त्यांनी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

चाचांकडे मी ईदला गेले होते. शीरखुर्मा झाल्यावर पिशवीतून दोन्ही भागांचं उर्दू भाषांतर काढून दिलं, माझंच, हाताने लिहिलेलं. म्हटलं, बदनामी आहे की नाही ते पूर्ण वाचून सांगा. चष्मा लावून त्यांनी पहिलं पान वाचलं, मसूरच्या टोलनाक्यापर्यंत. मग कागद घडी करून शेरवानीच्या खिशात ठेवले आणि म्हणाले, "इनको उर्दू आती थी?"

अजून परत आलेले नाहीत.